एसीचा रिमोट कुणाच्या हातात?

बाहेर भर मे महिना, आत कुलू-मनाली! ऑफिसातल्या गारठ्याविरुद्ध एक तक्रार केली आणि थेट वायरलेस सेन्सर्सच्या जाळ्यात जाऊन अडकले, त्याची ही गोष्ट...

दुपारचे अडीच. बाणेर रोडवरचं डांबर मऊ पडलंय, रिक्षावाले काका झाडाखाली रिक्षातच आडवे झालेत. आणि मी? मी चौथ्या मजल्यावर, माझ्या डेस्कवर, आईची शाल पांघरून बसलेय. हातात कॉफीचा मग आहे, पण पिण्यासाठी नाही, बोटं शेकायला!

हसू नका. तुमच्याही ऑफिसात हेच चालतं, पैज लावते. आमच्याकडे तर सरळ दोन पक्ष होते. मधल्या रांगांमध्ये बसणारी जॅकेट पार्टी आणि पश्चिमेच्या काचेला लागून बसणारी टेबलफॅन पार्टी. आम्ही कुडकुडतोय आणि बारा पावलांवरचा डेटाबेसवाला यूएसबी पंखा तोंडाजवळ धरून 'मेलो, मेलो' करतोय. छप्पर एक, एसी एक, कंपनी एक. दोघांच्याही तक्रारी एकाच एक्स्टेन्शनला जायच्या. मग इलेक्ट्रिशियन काका हातात डिजिटल थर्मामीटर घेऊन यायचे, दोन मिनिटं हवेत धरायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि "बघतो, ताई" म्हणून जायचे. काही फरक पडायचा नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या पक्षाचा फोन जायचा, की पुन्हा काका हजर.

शेवटी एका टाउनहॉलमध्ये माझं डोकं सटकलं. माइक हातात आला आणि मी बोलून गेले, "सर, अप्रेझल नको, पण हीटर द्या!" हशा पिकला. सर हसले आणि म्हणाले, "तू टेस्टर आहेस ना? मग हेच टेस्ट कर." झालं! पुढच्या सोमवारी मी 'ग्रीन टीम'ची मेंबर. पगार तोच, काम डबल.

प्रिंटरला उकडतंय!

आधी जरा बेसिक. सेंट्रल एसी म्हणजे घरातल्या स्प्लिट एसीचा थोरला भाऊ नव्हे, त्याचा कारभारच वेगळा. गच्चीवर किंवा तळघरात चिलर असतो, तो सात-आठ डिग्रीपर्यंत थंड केलेलं पाणी पाइपांतून फिरवतो. प्रत्येक मजल्यावर एएचयू नावाचं कपाटाएवढं धूड असतं. त्या थंड पाण्याच्या कॉइलवरून पंख्यानं हवा ढकलायची आणि डक्टमधून सगळीकडे पाठवायची, हे त्याचं काम. फॉल्स सीलिंगच्या वर डक्टला झडपा असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. झडप किती उघडायची हे ठरवतो भिंतीवरचा थर्मोस्टॅट. म्हणजे अख्ख्या कळपाचं सुखदुःख त्या एका पांढऱ्या डबीला काय वाटतं यावर!

आता ही डबी आमच्याकडे कुठे होती, सांगू? मोठ्या कलर प्रिंटरच्या मागे. ऑफिस बांधलं तेव्हा तिथे मोकळी भिंत होती. मग पार्टिशन हललं, टीम वाढली, प्रिंटर आला आणि बरोब्बर त्या डबीसमोर बसला. प्रिंटर दिवसभर गरम वाफारे सोडणार, डबीला वाटणार मजल्यावर आग लागलीय, ती झडप सताड उघडणार आणि थंडगार झोत थेट माझ्या डोक्यावर. काचेजवळच्यांची झडप दुसऱ्या डबीवर चालायची. ती डबी होती कॉन्फरन्स रूमच्या आडोशाला, मस्त सावलीत. तिला उन्हाचा पत्ताच नाही. बिचारे भाजायचे.

हे आम्हाला कळलं कसं? एका व्हेंडरनं ट्रायलसाठी डझनभर वायरलेस सेन्सर दिले. काडेपेटीहून थोडे मोठे, पांढरे, आत दोन पेन्सिल सेल. डबल साइड टेप लावायची, चिकटवायचे, संपलं. तासाभरात मजल्यावर सगळीकडे लागले. संध्याकाळी लॅपटॉपवर नकाशा उघडला तर माझ्या डेस्कवर साडेएकोणीस, काचेजवळ सव्वीसच्या वर आणि प्रिंटरमागे एकोणतीस! एवढे दिवस आम्ही काकांच्या नावानं खडे फोडत होतो आणि खरा गुन्हेगार शांतपणे झेरॉक्स काढत बसलेला...

तुम्ही म्हणाल, मग डबी उचलून दुसरीकडे लावायची ना! तिथेच तर मेख आहे. वायरवाला थर्मोस्टॅट हलवायचा म्हणजे फॉल्स सीलिंग उघडा, नवी कंड्युट टाका, वायर ओढा, भिंत फोडा, रंग मारा. आमचं ऑफिस भाड्याचं. त्यामुळे मालकाची परवानगी, तीही लेखी. सगळं काम शनिवार-रविवारी. एका डबीसाठी एवढा खर्च कोण करणार? जगभरातल्या जुन्या इमारतींमध्ये वायरलेसचा शिरकाव झाला तो याच कारणानं. सेन्सर स्वस्त असतो, महाग असते ती त्याच्यापर्यंत जाणारी वायर आणि ती ओढणाऱ्या माणसांची मजुरी.

घंटी वाजवणारा मास्तर

या डबीचा इतिहास भारी आहे, म्हणून जरा वाट वाकडी करते. १८८०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षक तयार करणारं एक कॉलेज होतं आणि तिथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवायचे. हिवाळा म्हणजे तिकडे कडाक्याचा. वर्ग गरम ठेवायची झडप तळघरात. त्यामुळे वर्ग किती गरम झालाय हे बघायला शिपाई दर थोड्या वेळानं वर्गात घुसणार, थर्मामीटर बघणार आणि खाली जाऊन झडप हलवणार. शिकवण्याचा पार विचका! वैतागून जॉन्सननी एक जुगाड केला. वर्गात तापमान बदललं की विजेच्या तारेनं तळघरात घंटी वाजणार. शिपायानं वर यायचंच नाही, खालच्या खाली झडप फिरवायची. १८८३ साली त्याचं पेटंट मिळालं, १८८५ साली कंपनी निघाली. आजची जॉन्सन कंट्रोल्स ती हीच.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला जाम मजा वाटली होती. त्या शिपायाचं पुढे काय झालं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

आणखी एक गंमत ऐका. २००३ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये चक्क लेख आला होता, की ऑफिसांमधले कित्येक थर्मोस्टॅट नुसते शोभेचे असतात. आत वायरच जोडलेली नसते! लोक येऊन बटण दाबतात, 'हां, आता बरं वाटतंय' म्हणतात आणि तक्रारी थांबतात. मी लगेच आमच्या डब्या उघडून बघितल्या. वायरी होत्या. हुश्श.

आणि मुलींनो, थंडी आपल्यालाच जास्त वाजते हा वहिमही नाही आणि नखराही नाही. २०१५ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दोन डच संशोधकांनी लिहिलं, की ऑफिसचं तापमान ठरवायचं सूत्र १९६० च्या दशकातलं आहे आणि ते बेतलंय चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरावर. बायकांचं शरीर प्रत्यक्षात जेवढी उष्णता तयार करतं त्यापेक्षा ३५ टक्क्यांपर्यंत जास्त ते धरून चालतं. म्हणजे मी शाल पांघरत होते ती एका अनोळखी काकांच्या मापाचा एसी लावल्यामुळे! आपल्याकडेही अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं भारतीय ऑफिसांचा अभ्यास केलाय. आपली माणसं परदेशी पुस्तकांतल्या मापापेक्षा जास्त तापमानात मजेत काम करतात, हे त्यातून दिसलं. पुढे २०१६च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही हा विचार आला. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेला घरगुती एसी सुरू करताच २४ डिग्रीवर यायला हवा, असा सरकारी नियमच आहे. एक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी कधीपासून सांगतेय. पण सेंट्रल एसीला 'डिफॉल्ट' कोण शिकवणार? तिथे ज्याचा आवाज मोठा त्याची डिग्री.

मधमाश्यांचा नाच

ट्रायल झक्कास झाली आणि मॅनेजमेंटनं पूर्ण मजल्यासाठी पैसे मंजूर केले. साठेक सेन्सर, झडपांना नवे वायरलेस कंट्रोलर, माणसांची हालचाल ओळखणारे डिटेक्टर आणि मीटरिंग. खरं कारण गारठा नव्हतंच, खरं कारण हायब्रिड. मंगळवार ते गुरुवार बसायला जागा नाही आणि सोमवार-शुक्रवार अर्धा मजला ओस, तरी एसी सगळीकडे सारखाच चालू. रिकाम्या खुर्च्यांना गारवा देऊन काय मिळणार होतं?

हे सगळे सेन्सर आपसात बोलतात झिगबी नावाच्या भाषेत. नाव का पडलं माहितीये? मधमाशी पोळ्यात येऊन नाचते आणि फुलं कुठे आहेत ते बाकीच्यांना सांगते, त्या नाचावरून. या भाषेच्या बुडाशी आहे २००३ सालचं रेडिओ स्टँडर्ड. त्याचा फंडा वायफायच्या उलट. वायफायला एकदम ढीगभर माहिती हवी असते, याला चिमूटभर. 'चोवीस पॉइंट दोन' एवढं सांगायचं आणि झोपून जायचं. सेन्सर दिवसाचा बहुतेक वेळ झोपेतच असतो, म्हणून दोन पेन्सिल सेलवर तो वर्षानुवर्षं तगू शकतो. (असा जॉब मला कोणी देईल का?)

पण चिमूटभर पॉवर म्हणजे आवाजही चिमूटभर. लांबच्या सेन्सरचा निरोप मुख्य गेटवेपर्यंत पोचायचा कसा? एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. याला मेश म्हणतात. यात एक गोम आहे आणि ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. निरोप पुढे ढकलायचं काम बॅटरीवाले करत नाहीत, ते तर झोपलेले. ते काम प्लगमध्ये बसवलेल्या, कायम विजेवर चालणाऱ्या रिपीटरचं. रिपीटर मेला की त्याच्यामागची अख्खी आळी मुकी.

व्हेंडरच्या डेमोमध्ये मी सगळ्यात जास्त फिदा झाले ती एका स्विचवर. ना वायर, ना बॅटरी. एनओशन नावाच्या जर्मन कंपनीचं हे तंत्र, २००१ साली सीमेन्समधून वेगळी झालेली. बटण दाबलं की आतलं छोटंसं चुंबक कॉइलजवळ हलतं आणि तेवढ्या हालचालीतून एक रेडिओ निरोप पाठवण्यापुरती वीज तयार होते. तुमच्या बोटाची ताकद हीच बॅटरी! मी पाच मिनिटं नुसती टकटक करत बसले होते. बजेटमध्ये मात्र बसला नाही.

सगळं लागलं. पहिला आठवडा स्वर्ग. मग लोच्या सुरू झाला.

रोज दुपारी एक वाजला की निम्मे सेन्सर गप्प. दोन वाजता आपोआप ठीक. व्हेंडरचा इंजिनिअर आला, सॉफ्टवेअर अपडेट केलं, गेला. दुसऱ्या दिवशी एक वाजता पुन्हा तेच. मी टेस्टर आहे, मला वेळेचा पॅटर्न दिसला की राहवत नाही. एक ते दोन आपल्या ऑफिसात काय होतं? जेवण! आणि गेटवे कुठे लावला होता? पॅन्ट्रीच्या भिंतीवर, कारण तिथे प्लग रिकामा होता. खाली ओळीनं तीन मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, झिगबीही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, वायफायही तिथेच. राजम्याचा डबा गरम होताना जी गळती व्हायची, त्या गोंगाटात सेन्सरची कुजबुज बुडून जायची. गेटवे सर्व्हर रूमच्या बाहेर हलवला, वायफायच्या वाटेत न येणारा चॅनल निवडला आणि प्रश्न मिटला. मी ऑफिसात हिरो! दोन दिवस कॉलर टाइट करून फिरत होते.

एक मेल

म्हणूनच असेल कदाचित, पुढच्या भानगडीत मी घाई केली.

आता सकाळची रड सुरू झाली. नऊ वाजता आलं की पूर्वेची बाजू बर्फ. लॉग काढला. रोज रात्री पावणेअकराच्या सुमाराला पूर्वेकडचे सगळे सेन्सर गायब, सकाळी साडेसातनंतर एकेक करून परत. काही तर दुपारपर्यंत नाहीच. रीडिंग आलं नाही तर झडप पूर्ण उघडी ठेवायची, असं कंट्रोलरमध्ये सेट होतं. त्यामुळे सकाळी एसी सुरू झाला की नुसता मारा. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, हे आपोआप होत नाही. कुणीतरी हातानं बंद करतंय." आणि हळूच पुढे म्हणाला, "नवीन सिस्टिम आली की जुन्या लोकांना आवडत नाही. सगळीकडे बघतो मी."

रात्रपाळीला कोण असतं? काका.

मी सुंदर ग्राफ काढला. वेळा लाल रंगात. खाली लिहिलं, रोज याच वेळी सप्लाय हातानं बंद केला जातोय, कृपया रात्रपाळीच्या स्टाफकडे चौकशी व्हावी. सीसीमध्ये फॅसिलिटी हेड, अॅडमिन, व्हेंडर. सेंड.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. काका उभे होते. रात्रपाळी संपवून घरी न जाता थांबले होते. बाकी सगळे बसलेले. हेड साहेबांनी विचारलं, रात्री काय बंद करता? काकांनी शांतपणे सांगितलं, "सात, आठ आणि नऊ नंबरचे एमसीबी, साहेब. कॉरिडॉर आणि पॅन्ट्री. शेवटचा माणूस गेला की."

"का?"

काकांनी वही उघडली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद घडी करून ठेवला होता. २०२१ सालचं सर्क्युलर. ऑफिस ओस पडलेलं असताना काढलेलं. वीजबचतीसाठी शेवटचा कर्मचारी गेल्यावर सात, आठ, नऊ बंद करावेत. खाली सही हेड साहेबांचीच.

आणि तीन रिपीटर कुठे लावले होते? कॉरिडॉरमध्ये, कुंड्यांच्या मागे, त्याच सर्किटवर. लावताना कुणी काकांना विचारलं नाही आणि लावल्यावर कुणी सांगितलंही नाही. म्हणजे बघा, काका रोज रात्री न चुकता वीज वाचवत होते आणि त्यामुळे आमची वीज वाचवणारी सिस्टिम आंधळी होत होती.

बग कुणाच्या नावावर टाकण्याआधी तो आपल्या हातानं रिप्रोड्यूस करावा, हे मी ज्युनिअर्सना शिकवते. मी एकदाही रात्री थांबून बघितलं नव्हतं. एक फोनसुद्धा केला नव्हता. मी सॉरी म्हटलं. काका म्हणाले, "तुम्हाला काय माहीत, ताई." हे त्यांनी मनापासून म्हटलं की टोमणा मारला, ते मला अजून कळलेलं नाही.

रिपीटर यूपीएसच्या सर्किटवर घेतले. इंजिनिअरनं इंग्रजीत छापील स्टिकर आणला होता, तो बाजूला ठेवून काकांनी स्वतः मार्करनं लिहिलं: 'हे बंद करू नये. सेन्सर.' अक्षर एकदम वळणदार.

त्यानंतर आठवडाभर मी मुद्दाम उशिरापर्यंत थांबले आणि काकांबरोबर राउंड मारला. कुठली झडप अडकते, कुठल्या डक्टला गळती आहे, कुठल्या खिडकीची बीडिंग सुटलीय, सगळं त्यांना पाठ. त्यांची वही नीट बघितली ती तेव्हाच. दिवसातून चार वेळा तापमान, एएचयूचं रीडिंग आणि शेवटचा रकाना 'शेरा'. पानं उलटत मागे गेले. २०१९च्या जुलैत शेरा होता: 'प्रिंटरमुळे थर्मोस्टॅट गरम. जागा बदलणे.' पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच. ऑगस्टमध्ये दोनदा. सप्टेंबरमध्ये फक्त 'वरीलप्रमाणे'. प्रत्येक पानाखाली तपासल्याची सही होती. आम्ही डझनभर सेन्सर लावून जो शोध लावला, तो काकांनी शाईच्या पेनानं कधीच लिहून ठेवला होता.

टेबलाखाली कोण बसलंय?

मधेच एक सावधगिरीचं. तुमच्याही ऑफिसात हे येणार आहे, किंवा आलंही असेल. दुसऱ्या टप्प्यात आमच्याकडे प्रत्येक टेबलाखाली सेन्सर लावायचं घाटत होतं. एनर्जीसाठीच, असं सांगितलं. पण टेबलाखालचा सेन्सर एसीला जे सांगतो तेच उद्या एचआरलाही सांगू शकतो: ही बाई सव्वा तास जागेवर नव्हती! २०१६च्या जानेवारीत लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये नेमकं हेच झालं. पत्रकार सकाळी ऑफिसात आले तर टेबलांखाली डब्या. वीजबचतीचं कारण दिलं गेलं, पण बोंबाबोंब एवढी झाली की त्या दिवसभरातच काढून टाकाव्या लागल्या. आम्ही ग्रीन टीममध्ये भांडलो आणि झोनपुरती मोजणी ठेवली, खुर्चीपर्यंत नाही. एसीला माणसं किती हे कळलं की पुरतं, कोण हे कळायची गरज नाही. हे लेखी घ्या, तोंडी नको.

आणि पासवर्ड-अपडेटच्या बाबतीत हयगय नको. २०१६ सालीच इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या टीमनं, त्यात आरएसए मधला 'एस' म्हणजे आदी शमीरही होते, ड्रोनवरून एका इमारतीतले झिगबी दिवे हॅक करून लुकलुकवून दाखवले. निर्माता कंपनीनं ती फट बुजवली. पण भिंतीवरची निरुपद्रवी डबीसुद्धा कॉम्प्युटरच असते, हे आमच्या अॅडमिनला पटवायला मला तो व्हिडिओ दोनदा दाखवावा लागला.

हालचाल ओळखणाऱ्या डिटेक्टरचं तर विचारूच नका. शांत बसून कोड वाचणारा माणूस त्याला दिसतच नाही. संध्याकाळी सातनंतर आमच्या मजल्यावर दर वीस मिनिटांनी कुणीतरी खुर्चीतून हात हलवताना दिसतं, जणू लोकल सुटतेय आणि हे टाटा करतायत. वॉशरूममध्ये दिवे गेले तर काय करावं लागतं ते लिहीत नाही.

मग, वीज वाचली का? वाचली. आकडा छापायची परवानगी नाही, पण बिल खाली आलं आणि खालीच राहिलं. एक सांगते, त्यातला मोठा वाटा कुठल्याही हुशार अल्गोरिदमचा नाही. सोमवार-शुक्रवारी सगळ्यांना पूर्वेला बसवायचं आणि पश्चिमेचा एएचयू बंद ठेवायचा, एवढ्या साध्या गोष्टीचा आहे. जॅकेट पार्टी बरखास्त झाली. माझी शाल ड्रॉवरमध्ये आहे. डेटाबेसवाल्याचा पंखाही गेला.

आणि काका? मी वर्षअखेरीला मॅनेजमेंटसमोर प्रेझेंटेशन केलं, त्यात फायद्यांच्या स्लाइडवर चौथा मुद्दा होता, 'मॅन्युअल राउंड्समध्ये बचत'. तो मीच टाइप केला होता. चार मुद्दे असले की स्लाइड भरलेली दिसते, म्हणून. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं तेव्हा रात्रपाळीचे दोनाऐवजी एकच इलेक्ट्रिशियन ठेवले. काकांना एजन्सीनं हडपसरला दुसऱ्या साइटवर पाठवलं. नोकरी गेली नाही, तेवढंच. पण घर सूसला, म्हणजे पुण्याच्या या टोकापासून त्या टोकाला, तेही रात्रीच्या वेळी स्कूटरवरून. जायच्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. फॅसिलिटीकडे नाही दिली.

मागच्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, तिकडचा चिलर कसा खडखडतो ते सांगून झालं. मग म्हणाले, "ताई, सर्व्हर रूमबाहेरच्या सेन्सरचे सेल बदलले का? तिथे भिंत जाड आहे, त्याला निरोप पुन्हा पुन्हा पाठवायला लागतो. वर्षभर टिकले तर डोक्यावरून पाणी."

"काका, डॅशबोर्डवर हिरवं दिसतंय सगळं," मी म्हटलं आणि बोलता बोलता तो सेन्सर उघडला. २३.४. कालचं बघितलं, २३.४. परवाचं, २३.४. नऊ दिवस मागे गेले, दिवस-रात्र, कामाचा दिवस-सुट्टी, सगळीकडे तेच, एका रेषेत. शेवटचं रीडिंग धरून बसला होता.

"काय झालं?" काका विचारत होते.

मी म्हटलं, "थांबा, फोन ठेवू नका." ड्रॉवरमधले दोन सेल घेतले, कुणाची तरी खुर्ची ओढली आणि वर चढले.